गिरणगावातील खाणावळवाल्या

मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या एकट्या पुरुष कामगारांना दरमहा ठराविक रक्कम घेऊन दोन वेळचे जेवण पुरविणाऱ्या स्त्रियांचा वर्ग. या स्त्रिया बहुतांशी स्वतःही गाव सोडून आलेल्या असत. त्यांत दक्षिण कोकणातील, म्हणजे पूर्वीच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातील स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यांखालोखाल सातारा, पुणे, कोल्हापूर या देशावरील जिल्ह्यांतून आलेल्या स्त्रिया होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९८२ च्या संपापर्यंत सु. शंभर वर्षे गिरणगावाचे दैनंदिन जीवन या खाणावळींवर उभे होते. कारखान्यांच्या कायद्यांत या स्त्रियांना स्थान नव्हते आणि गिरण्यांच्या हजेरीपटांवर त्यांचे नाव नव्हते. त्यामुळे मुंबईच्या औद्योगिक इतिहासात त्यांचा उल्लेख दीर्घकाळ अपवादानेच होत राहिला.

पार्श्वभूमी : मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये केली व तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, प्रभादेवी, वरळी व डिलाइल रोड हा सलग पट्टा गिरण्यांनी व चाळींनी भरून गेला. यालाच पुढे गिरणगाव हे नाव रूढ झाले. या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ प्रामुख्याने कोकणाने पुरविले. १९११ व १९२१ च्या जनगणनांनुसार मुंबईत राहणाऱ्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या व्यक्तींची संख्या दोन लाखांहून अधिक होती.

कोकणातून एवढ्या मोठ्या संख्येने माणसे बाहेर पडण्याची कारणे तेथील जमिनीत व जमीनधारणेत आढळतात. देवगड बंदराजवळचे जामसंडे हे गाव या दृष्टीने प्रातिनिधिक मानता येईल. सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील इतर अनेक गावांप्रमाणे येथेही जांभ्या दगडाचा उघडा सडा, त्याच्या उतारावरील पातळ मातीची वरकस जमीन आणि सखल भागातील थोडी भातशेती अशी रचना आहे. पाऊस भरपूर पडत असला, तरी पाणी जांभ्यातून झिरपून व उतारावरून वाहून जाते. त्यामुळे पावसाळ्यानंतर दुसरे पीक घेणे कठीण असते. भात, नाचणी व वरी यांचे उत्पन्न लहान शेतकऱ्यास वर्षभर पुरत नसे. वारसाहक्काने जमिनीचे तुकडे होत गेले आणि जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत खोती पद्धतीमुळे कुळाला पिकाचा मोठा वाटा खोताला द्यावा लागे. खोती कायद्याने नष्ट झाली ती १९४९ मध्ये. देवगडच्या हापूस आंब्याला पुढे मोठी बाजारपेठ मिळाली. परंतु बाग उभी करण्यास भांडवल व अनेक वर्षांची प्रतीक्षा आवश्यक असल्याने अल्पभूधारकास तिचा आधार उशिरा मिळाला. सारा, कुळाचा वाटा व सावकाराचे देणे रोखीने भागविण्यासाठी घरातील एक तरी पुरुष मुंबईस पाठविणे हा बहुसंख्य कुटुंबांचा रिवाज झाला. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर गावचा संसार चालत असल्याने या अर्थव्यवस्थेचा उल्लेख ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ असाही केला जातो.

स्त्रियांचे स्थलांतर : या व्यवस्थेत स्त्रीने गावी राहणे गृहीत धरलेले होते. पेरणी, लावणी, कापणी, गुरे, म्हातारी माणसे व मुले तिच्यावर सोपवून पुरुष मुंबईस जाई आणि शिमग्यास वा उन्हाळ्यात घरी येई. परिणामी मुंबईच्या लोकसंख्येत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. १९२१ च्या जनगणनेत शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सु. सव्वापाचशे होती. ज्या स्त्रिया मुंबईस आल्या, त्यांतील काही पतीबरोबर आल्या. परंतु अनेकींच्या स्थलांतरामागे संकट होते. अकाली वैधव्य, नवऱ्याने टाकून देणे, सासरच्या जमिनीत वाटा न मिळणे किंवा गिरणीत कामाला असलेला पती क्षयासारख्या रोगाने अंथरुणास खिळणे ही त्यांतील नेहमीची कारणे होत. गावात परतीचा मार्ग पुष्कळदा बंद झालेला असे. पुरुष मुंबईस जाई तो गाव टिकवण्यासाठी. एकटी स्त्री जाई ती गावात तिचे काही उरले नाही म्हणून. दोघांच्या स्थलांतरातील हा मूलभूत भेद होय.

देवगड, मालवण, वेंगुर्ले या भागांतील लोकांचा मुंबईचा प्रवास दीर्घकाळ समुद्रमार्गे होत असे. जामसंड्याच्या माणसाने पायी देवगड बंदरावर यावे, होडीने खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत जावे आणि डेकवर पथारी टाकून मुंबई गाठावी, असा क्रम होता. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. त्यामुळे ज्येष्ठात गावाहून वाईट वार्ता आली, तर मुंबईतील स्त्रीला घाटावरच्या लांबच्या वाटेखेरीज दुसरा मार्ग उरत नसे. प्रवासात जीविताचा धोकाही असे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘तुकाराम’ व ‘जयंती’ या आगबोटी आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडून शेकडो प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढे एसटीच्या गाड्या व १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे यांनी हे अंतर कमी केले. तोपर्यंत गिरणगाव मोडकळीस आले होते.

गिरणीतील काम व त्याची गळती : मुंबईस आलेली स्त्री प्रथम गिरणीतच काम शोधी. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सु. पाचवा ते चौथा हिस्सा होते. सूत रिळावर घेणे (रिळिंग) व कांड्या भरणे (वाइंडिंग) ही खाती प्रामुख्याने त्यांची मानली जात. तेथे भरती करण्याचा व काम वाटण्याचा अधिकार नायकिणीकडे असे. नोकरी टिकविण्यासाठी तिला खूष ठेवावे लागे. तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय नसल्याने कामावर जाताना त्यांना अफूची बाळगोळी देऊन निजविण्याची चाल होती. १९२० नंतरच्या दशकातील वैद्यकीय पाहण्यांनी तिच्याकडे लक्ष वेधले. कवी नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांचा सांभाळ करणाऱ्या काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार होत्या. पती गंगाराम यांच्या निवृत्तीनंतर हे दांपत्य कोकणात परतले आणि मुलगा मुंबईतच राहिला. कष्टाचे वय मुंबईत घालवून अखेरीस गावी परतण्याचा हा क्रम अनेक कुटुंबांच्या वाट्याला आला.

स्त्री कामगारांच्या संरक्षणासाठी कायदे झाले. १८९१ च्या कारखाने अधिनियमाने त्यांच्या कामाचे तास अकरा केले व त्यांत दीड तासाची विश्रांती आवश्यक ठरविली. नंतरच्या कायद्यांनी रात्रपाळीस अटकाव केला. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची चर्चा चालू असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याचा पुरस्कार केला. १९२९ च्या अधिनियमान्वये प्रसूतीच्या काळात स्त्री कामगारास रोज आठ आणे भत्ता मिळू लागला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले. हे सर्व कायदे न्याय्य होते. तथापि ज्या मालकांना त्यांचा खर्च नको होता, त्यांनी स्त्रियांची भरतीच कमी केली. त्यातच चीनकडे होणारी सुताची निर्यात घटल्याने रिळिंग खात्याचे महत्त्व ओसरले आणि नव्या यंत्रांमुळे वाइंडिंगमध्येही थोड्या हातांनी काम भागू लागले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण सु. एकदशांशावर आले व नंतर ते घसरतच गेले. गिरणीबाहेर पडलेल्या स्त्रीपुढे धुणीभांडी, भाजीविक्री, मासळीविक्री व खाणावळ एवढेच पर्याय उरले. त्यांपैकी खाणावळ हा घरी बसून करता येणारा व भांडवलाची फारशी अपेक्षा नसलेला व्यवसाय असल्याने तो अनेकींनी पत्करला. म्हणजे कायद्याच्या संरक्षणाखाली असलेली स्त्री, त्या संरक्षणाची किंमत मोजून, कोणताही कायदा लागू नसलेल्या धंद्यात आली.

खाणावळीचे स्वरूप : चाळीतील सु. दहा फूट लांबरुंदीची एक खोली हीच खाणावळीची जागा, तेच स्वयंपाकघर व तेच कुटुंबाचे घर असे. गिरणगावात एकेका खोलीत अनेक पुरुष गाळा करून राहत. पाळ्यांनुसार त्यांची झोपण्याची वेळ बदले. एका गावाच्या माणसांनी मिळून घेतलेली ‘गावची खोली’ हाही प्रकार सर्वत्र होता. या खोल्यांत चूल नसे. रोजचे जेवण शेजारच्या वा त्याच चाळीतील खाणावळीत होई. एका बाईकडे दहापंधरापासून तीसचाळीसपर्यंत माणसे जेवत. त्यांना ‘मेंबर’ असा शब्द रूढ होता.

मेंबर सामान्यतः आपल्याच मुलखातील व पुष्कळदा आपल्याच जातीतील बाईकडे जेवत. मालवण-देवगडकडील खाणावळीत भात, माशांचे तिखले, सुकी मासळी, उकड्या तांदळाची पेज व सोलकढी असे. देशावरील खाणावळीत ज्वारीबाजरीची भाकरी व कोरड्यास. त्यामुळे चव, बोली व जातिनिर्बंध हे तिन्ही खाणावळीने शहरात जपले. जातिभेदाच्या बाबतीत तिची भूमिका पुराणमतवादीच होती, हे नमूद करावयास हवे. दुसऱ्या बाजूने, गावाहून नव्याने आलेल्या मुलाला पहिला आसरा, जॉबरशी ओळख व गावचा निरोप येथेच मिळे. बाईला बहुधा मावशी, काकी वा वहिनी म्हणत. हे नाते केवळ संबोधनापुरते नसे. आजारी मेंबराला पेज करून देणे, पत्र वाचून घेण्याची सोय करणे, पगारातून गावाकडे मनिऑर्डर गेली की नाही याची चौकशी करणे ही कामे ती करी. त्यांचा मोबदला मात्र कोणत्याही हिशेबात धरला जात नसे.

बाईचा दिवस पहाटे तीन-चारच्या सुमारास सुरू होई, कारण पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी चहा व डबा तयार असावा लागे. नळाला पाणी ठराविक वेळीच येई व ते सामाईक नळावरून भरावे लागे. शेगडी, कोळसा किंवा रॉकेलचा स्टोव्ह यांच्या धुरात, बाहेर जाण्यास वाव नसलेल्या खोलीत, तीन पाळ्यांना पुरेल असा स्वयंपाक चाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांत रात्रपाळी वाढल्याने जेवणाच्या पंगतीही वाढल्या. रात्रीची शेवटची पंगत उठल्यावर भांडी घासून ती निजे. मुली मोठ्या होऊ लागल्या की शाळा सोडून आईच्या हाताखाली येत. खाणावळीचे सर्वांत महाग पडलेले मोल बहुधा हेच होय.

उधारीचे अर्थकारण : खाणावळ ही वस्तुतः उधारीवर चालणारी संस्था होती. गिरणीचा पगार महिना भरल्यानंतर दहाबारा दिवसांनी होई. नवीन कामगाराला पहिला पगार हाती येण्यास दीड महिना लागे. बदली कामगाराला किती दिवस काम मिळेल, याची शाश्वती नसे. तोपर्यंत त्याला जेवू घालणारी खाणावळवालीच होती. ती स्वतः वाण्याकडून उधारीवर धान्य घेई. रोकड लागल्यास पठाण किंवा मारवाडी सावकाराकडे दागिना गहाण टाकी. दरमहा रुपयास एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५, हा व्याजाचा दर कामगारवस्तीत सर्रास चाले. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने (१९२९–३१) गिरणी कामगारांच्या कर्जबाजारीपणाची विस्ताराने दखल घेतली. परंतु त्या कामगाराचे जेवणाचे देणे ज्या स्त्रीच्या अंगावर पडे, तिचे कर्ज हा स्वतंत्र प्रश्न म्हणून पुढे आला नाही. मेंबर पैसे बुडवून दुसऱ्या चाळीत वा गावी गेला, तर तिच्याजवळ लेखी पुरावा नसे. तिच्या उत्पन्नाला नफा म्हणणे अवघड आहे. स्वतःचे व मुलांचे जेवण सुटले आणि खोलीचे भाडे निघाले, तर महिना चांगला गेला असे ती समजे.

संप आणि खाणावळ : उधारीचा हा भार संपाच्या काळात कसोटीस लागे. लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ जुलै १९०८ मध्ये गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. एवढा दीर्घ संप कोणत्याही संघटनेच्या निधीवर चालणे शक्य नव्हते. ज्यांना शक्य होते ते कामगार गावी परतले व कोकणातील शेतीने त्यांना पोसले; जे शहरात राहिले त्यांना वाण्याने व खाणावळवालीने पोसले. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांसारख्या कार्यकर्त्यांमुळे स्त्रियांचा संपातील सहभाग लोकांसमोर आला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही (१९५५–६०) गिरणगावातील स्त्रिया पुढे होत्या. चुलीपाशी राहून उधारी सोसणारीचा सहभाग मात्र मोर्च्यात दिसत नव्हता. संप यशस्वी झाला, तर वाढीव पगार कामगाराच्या हाती पडे. फसला, तर बुडीत उधारीतील तिचा वाटा तिच्यापाशीच राही.

अन्नपूर्णा महिला मंडळ : या स्त्रियांच्या संघटनेचा पहिला यशस्वी प्रयत्न प्रेमा पुरव यांनी केला. मूळच्या गोव्याच्या असलेल्या पुरव गोवा मुक्तिलढ्यात सहभागी होत्या व नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करीत होत्या. १९७३–७४ च्या सुमारास महागाई व गिरणी संप यांमुळे खाणावळवाल्या सावकारी पाशात अधिकच अडकल्या, हे पाहून त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले असले, तरी तारण ठेवण्यास काही नसलेल्या निरक्षर स्त्रीला बँकेची दारे प्रत्यक्षात बंदच होती. मंडळाने स्त्रियांचे गट करून परस्परांच्या हमीवर कर्ज मिळवून दिले. सावकाराचे देणे फेडणे, धान्य घाऊक घेणे व स्वतःच्या नावाचे खाते उघडणे या गोष्टी त्यामुळे शक्य झाल्या. कर्जाच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात खाणावळ असे लिहिले जाणे, ही या स्त्रियांच्या श्रमाची पहिली अधिकृत नोंद म्हणता येईल. पुढे मंडळाने सामुदायिक स्वयंपाकघर, प्रशिक्षण व निवारा असे उपक्रम हाती घेतले. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

तौलनिक विचार : उद्योगाच्या वा खाणीच्या ओढीने एकट्या पुरुषांची वस्ती उभी राहिली, की तिला जेवू घालणारी स्थलांतरित स्त्री तेथे दिसते, असा अनुभव इतर देशांतही आढळतो. आयर्लंडमधील १८४५–४९ च्या दुष्काळानंतर देश सोडलेल्या स्त्रियांपैकी काही ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १८५१ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या क्षेत्रांत पोहोचल्या. तेथे तंबूतील भोजनगृहे, दुकाने व कपडे धुणे यांवर त्यांनी संसार चालविले. बॅलरॅट येथील १८५४ च्या खाणकामगारांच्या उठावाशी अनास्तेशिया हेझ या आयरिश स्त्रीचे नाव निगडित आहे. नेली कॅशमन ही आयरिश स्त्री उत्तर अमेरिकेतील खाणवस्त्यांत भोजनगृहे चालवीत क्लोंडाइकपर्यंत गेली. १८७४–७५ च्या हिवाळ्यात कॅसिअर पर्वतभागात स्कर्व्हीने आजारी पडलेल्या खाणकामगारांसाठी ती अन्न घेऊन गेल्याचे प्रसिद्ध आहे. कोकणी खाणावळवालीशी या स्त्रियांचे साम्य स्पष्ट आहे : भुकेने सोडलेला गाव, पुरुषांच्या वस्तीतील एकटेपण आणि उधारीवर दिलेले जेवण. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. सोन्याच्या क्षेत्रात नशिबाने फिरविलेल्या माणसाकडून भोजनगृहवालीलाही कधी वाटा मिळू शके व ती स्वतः खाणीचा हक्क घेऊ शके. कॅशमनने तसे केलेही. गिरणगावात असा अवचित लाभ कोणालाच नव्हता. तेथे ठरलेला पगार आणि ठरलेली तूट एवढेच होते.

अस्त : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार उतरले. तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि त्यातून गिरणगाव पुन्हा सावरले नाही. पहिले काही महिने खाणावळी चालू राहिल्या. नंतर वाण्यांनी उधारी बंद केली. मेंबर गावोगाव पांगले आणि त्यांच्याकडील येणे बुडाले. कामगारांच्या भरपाईचा, भविष्यनिर्वाह निधीचा व घरांचा प्रश्न पुढे न्यायालयांत व शासनदरबारी लढविला गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींवर कोणाचा हक्क, हा वाद दीर्घकाळ गाजला. कामगारांना मिळणाऱ्या घरांसाठी गिरणीतील नोकरीचा पुरावा हा निकष असल्याने खाणावळवालीला तिच्या कामाच्या आधारे त्यात दावा करता आला नाही.

गिरणगावातील वृद्धांच्या मौखिक आठवणी एकत्र करण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, त्यांतून खाणावळवाल्यांचे जीवन प्रथमच काही तपशिलाने उजेडात आले. मालवणी जेवणाला आज मुंबईत प्रतिष्ठा आहे. ती ज्या चुलींवर रुजली त्या चाळीतील खोल्यांच्या होत्या. गिरणी कामगाराचा पगार निर्वाहास अपुरा असतानाही मुंबईचा कापडधंदा वाढत राहिला. पगार आणि निर्वाह यांतील तफावत एका बाजूने कोकणातील शेतात राबणाऱ्या स्त्रीने व दुसऱ्या बाजूने मुंबईतील खाणावळवालीने भरून काढली. जामसंड्यासारख्या गावातून निघालेली स्त्री या दोन्ही टोकांपैकी कोठे ना कोठे उभी होती. मुंबईच्या औद्योगिक भरभराटीचे मोजमाप करताना चाती व माग यांच्याबरोबर तिच्या श्रमाचीही गणना करणे आवश्यक आहे.